वाचकांचे प्रश्न : सेरामपूरची बाप्टिस्ट मंडळी आणि तिचा सुतार उपदेशक

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षिकेने मराठी मुद्रणाच्या इतिहासावर वाचन करताना पडलेले काही प्रश्न आम्हांला सविस्तर लिहून पाठवले आहेत. सगळे प्रश्न एकाच विषयाभोवती फिरत असल्यामुळे या अंकातील हे सदर त्यांच्या पत्रालाच दिले आहे. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : सुरुवातीची मराठी पुस्तके 'सेरामपूर' येथे छापली गेली असे वाचनात येते. काही लेखक 'श्रीरामपूर' असेही लिहितात. हे आमच्या जिल्ह्यातील श्रीरामपूर का? आणि तेथे चर्च होते की छापखाना?

आपल्या जिल्ह्यातील श्रीरामपूरचा येथे संबंध नाही. हे श्रीरामपूर बंगालमध्ये, कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या पश्चिम काठावर आहे. बंगाली माणसे आजही त्याला श्रीरामपूरच म्हणतात. इंग्रजांच्या तोंडी त्याचे सेरामपूर झाले आणि मराठी ग्रंथांत तेच रूढ झाले. १७५५ पासून हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते, त्या काळी त्याचे सरकारी नाव फ्रेडरिक्सनगर होते, आणि १८४५ मध्ये डेन्मार्कने ते इंग्रजांना विकले. ही डॅनिश सत्ता आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ईस्ट इंडिया कंपनी त्या वेळी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना राहू देत नव्हती, आणि ऑक्टोबर १७९९ मध्ये जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे इंग्रज बाप्टिस्ट मिशनरी आपल्या सोबत्यांसह एका अमेरिकन जहाजातून येथे उतरले तेव्हा त्यांना आसरा मिळाला तो डॅनिश गव्हर्नर ओले बी यांच्यामुळे. त्याआधी सहा वर्षे बंगालमध्ये असलेले विल्यम कॅरी १० जानेवारी १८०० रोजी सहकुटुंब त्यांना येऊन मिळाले, आणि त्याच वर्षी तेथे बाप्टिस्ट मंडळी, म्हणजे चर्चच्या सभासदांचा समुदाय, स्थापन झाली.

चर्च की छापखाना, याचे उत्तर दोन्ही असेच द्यावे लागेल. मार्च १८०० मध्ये मिशनच्या घरात छापयंत्र सुरू झाले. १८०५ मध्ये येथूनच कॅरींचे मराठी व्याकरण आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा मराठी अनुवाद बाहेर पडला, आणि १८१० मध्ये मोडी टाइपातील मराठी शब्दकोश. या कामात वैजनाथ पंडित हे कॅरींचे मराठीचे आधारस्तंभ होते आणि टाइपांचे मूळ साचे पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराच्या परंपरेत कोरले गेले. आपल्या वाङ्मयेतिहासात सेरामपूरविषयी जे काही येते ते बहुतेक एवढेच असते, आणि ज्या मंडळीच्या पोटी हा छापखाना वाढला ती मंडळी मात्र सहसा दृष्टीआड राहते. म्हणूनच आपला पुढचा प्रश्न वाचून विशेष आनंद झाला.

जाता जाता एक सूचना. सेरामपूरला जाणारे प्रवासी ज्या उंच मनोऱ्याच्या चर्चची छायाचित्रे आणतात, ते सेंट ओलाव्ह हे १८०६ मधील डॅनिश लुथरन चर्च आहे. बाप्टिस्ट मंडळीचा आरंभ तेथे झाला नाही, तो मिशनच्या राहत्या घरात झाला.

प्रश्न : 'बाप्टिस्ट' म्हणजे नेमके कोण? लोकमान्यांचे सहकारी काका बॅप्टिस्टा याच पंथाचे होते का?

काका बॅप्टिस्टा यांचा या पंथाशी काही संबंध नव्हता. ते मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजातील कॅथलिक होते आणि 'बॅप्टिस्टा' हे पोर्तुगीज वळणाचे आडनाव आहे.

बाप्टिस्ट पंथ सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज प्रॉटेस्टंटांमधून निघाला. त्याची ओळख सांगणाऱ्या दोन गोष्टी पुढचे सारे समजण्यासाठी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी, की ते तान्ह्या बालकांना बाप्तिस्मा देत नाहीत. समजत्या वयाच्या व्यक्तीने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्यावरच, आणि तोही पाणी शिंपडून नव्हे तर पूर्ण पाण्यात बुडवून, बाप्तिस्मा दिला जातो. दुसरी गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते, तिच्यावर बिशपाचा अधिकार नसतो, सभासद आपला पाळक व डीकन (मंडळीचा कारभार पाहणारा सेवक) स्वतः निवडतात आणि नव्या सभासदाला घ्यायचे की नाही हेही सभासदांची सभाच ठरवते. त्यामुळे बाप्टिस्टांचा इतिहास हा मुळात एकेका गावच्या मंडळीचा इतिहास असतो, आणि त्यात गावच्या उपदेशकाला जे स्थान असते ते इतर पंथांत फारसे दिसत नाही.

प्रश्न : या मंडळीचा आद्य उपदेशक कोणाला म्हणावे? कॅरींना की कृष्ण पाल यांना? एका ठिकाणी कृष्ण पाल हे 'भारतातील पहिले प्रॉटेस्टंट' असे लिहिलेले आढळले.

शेवटच्या विधानापासून सुरुवात करू, कारण ते चुकीचे आहे. तमिळ मुलखात, तरंगमबाडी येथे, १७०६ पासून लुथरन मिशन काम करत होते आणि १७३३ मध्ये आरोन या तमिळ उपदेशकाला तेथे पाळकपदाची दीक्षाही मिळाली होती. कृष्ण पाल यांना 'पहिले' म्हणायचे ते सेरामपूर मिशनचे पहिले बंगाली सभासद या अर्थाने. त्यांची योग्यता सांगण्यासाठी त्याहून मोठ्या विशेषणाची गरजही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. कॅरी हे मंडळीचे पहिले पाळक होते, यात वाद नाही. इंग्लंडमध्ये चांभारकाम करत करत उपदेशक झालेला हा माणूस ११ नोव्हेंबर १७९३ रोजी कोलकात्यात उतरला. पुढे मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर नोकरी करत त्याने बंगाली आत्मसात केली, बाजारात आणि झाडाखाली उपदेश केला, एक मुलगा तेथेच पुरला, पत्नी डोरोथी यांना वेड लागताना पाहिले. आणि या सात वर्षांत एकाही बंगाली माणसाने बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांचे सहकारी डॉक्टर जॉन थॉमस तर त्याहून आधी, १७८३ मध्ये, जहाजावरचे वैद्य म्हणून बंगालमध्ये प्रथम आले होते. मंडळी स्थापन झाली त्या दिवशी तिचे सर्व सभासद इंग्रज होते, आणि एखाद्या गावात परदेशी कुटुंबांनी आपल्यापुरती प्रार्थना सुरू केली म्हणजे त्या गावची मंडळी झाली, असे मला तरी म्हणता येत नाही.

ती गावची झाली ती कृष्ण पाल यांच्यामुळे. ते सेरामपूरला राहणारे सुतार होते, वय पस्तिशीच्या आसपास, आणि घोषपाड्याच्या कर्ताभजा या भक्तिसंप्रदायाचे अनुयायी. गुरूचे वचन प्रमाण मानणाऱ्या आणि जातिभेद फारसा न जुमानणाऱ्या त्या संप्रदायात त्यांनी बरीच वर्षे काढली होती, स्वतः इतरांना उपदेशही केला होता. तेव्हा त्यांच्या मनाची मशागत मिशनरी येण्यापूर्वीच झाली होती, हे विसरून चालणार नाही. नोव्हेंबर १८०० च्या अखेरीस पाय घसरून पडल्याने त्यांचा खांदा निखळला आणि मिशनच्या डॉक्टरांना बोलावणे गेले. थॉमस आले, त्यांनी कृष्ण पाल यांना झाडाला बांधले, आणि कॅरी व मार्शमन यांच्या मदतीने हात ओढून सांधा बसवला. वेदना हातातली होती, पण कृष्ण पाल बोलू लागले ते आपल्या पापांविषयी. नंतर ते रोज मिशनच्या घरी येऊ लागले, प्रथम औषधासाठी आणि मग बोलण्यासाठी. सोबत त्यांचा मित्र गोकुळ असे. घरी पत्नी रसू आणि मेव्हणी जयमणी यांच्याशी ऐकलेल्या गोष्टींची चर्चा चाले.

२२ डिसेंबरला कृष्ण आणि गोकुळ मिशनऱ्यांच्या पंक्तीला बसून जेवले. ज्या समाजात कोणाच्या हातचे पाणी प्यावे यावर माणसाची सारी पत अवलंबून होती, तेथे या एका जेवणाचा अर्थ वेगळा सांगायला नको. बातमी फुटताच सुमारे दोन हजारांचा जमाव कृष्ण पाल यांच्या दारात जमला आणि त्यांना फरफटत डॅनिश न्यायाधीशापुढे घेऊन गेला. न्यायाधीशाने त्यांना सोडून दिले. मग, ठरवून दिलेल्या नवऱ्याकडे मुलीला पाठवत नाही, असा आरोप घेऊन लोक पुन्हा आले. त्यावर तिच्या इच्छेविरुद्ध तिला कोणी नेणार नाही असे आश्वासन मुलीला मिळाले आणि गव्हर्नरांनी पहाऱ्याची व्यवस्था केली. या गडबडीत गोकुळ आणि स्त्रिया तूर्त मागे सरल्या. ठरलेल्या दिवशी घाटावर एकटे कृष्ण पाल आले.

तो दिवस २८ डिसेंबर १८०० चा, रविवार. मिशनच्या घरासमोरच्या हुगळीच्या घाटावर गव्हर्नर, काही युरोपीय आणि बरेच हिंदू व मुसलमान जमले होते. कॅरींनी बंगालीत सांगितलेल्या एका गोष्टीकडे मराठी वाचकाने मुद्दाम लक्ष द्यावे. ते म्हणाले, की आम्ही या नदीला पवित्र मानत नाही, हे नुसते पाणी आहे. या कृतीने माणूस पापाचा त्याग करून ख्रिस्ताचा स्वीकार केल्याचे जाहीर करतो एवढेच. गंगेच्याच प्रवाहात उभे राहून, स्नानाने पाप धुतले जाते असे मानणाऱ्या लोकांसमोर हे स्पष्ट करणे आवश्यकच होते. मग त्यांनी आधी आपला मुलगा फेलिक्स याला इंग्रजीतून आणि नंतर कृष्ण पाल यांना बंगालीतून बाप्तिस्मा दिला. गव्हर्नरांचे डोळे भरून आले होते. दुपारी प्रभुभोजनाचा विधी प्रथमच बंगाली भाषेत झाला.

याच क्षणासाठी ज्यांनी सतरा वर्षे वाट पाहिली ते थॉमस मात्र घाटावर नव्हते. आनंदाचा आवेग त्यांना सोसला नाही, त्यांचे मन भ्रमिष्ट झाले आणि त्या दिवशी त्यांना एका खोलीत बंद ठेवावे लागले होते. डोरोथी कॅरीही दुसऱ्या खोलीत कोंडलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी थॉमस वारले. मिशनच्या गौरवगाथांमध्ये हा भाग बहुधा घाईने उरकला जातो. मला तो वगळावासा वाटत नाही, कारण त्या घाटावरच्या आनंदाची किंमत कोणी मोजली हे त्याशिवाय कळत नाही.

जानेवारी १८०१ मध्ये जयमणीने बाप्तिस्मा घेतला. सेरामपूरच्या मंडळीतील ती पहिली बंगाली स्त्री. रसू आणि गोकुळही तिच्या मागोमाग आले. कृष्ण पाल यांनी आपल्या घरासमोर प्रार्थनेसाठी स्वतःच एक छोटी वास्तू उभारली. हाताचे कौशल्य सुताराचे होते, ते तेथे कामी आले. मिशनच्या आवाराबाहेर, बंगाली माणसाने बंगाली माणसांसाठी उभारलेली ती पहिली प्रार्थनेची जागा. मंडळीच्या आरंभाची खूण कोणती असे विचारल्यास मी त्याच जागेकडे बोट दाखवीन.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की पाळकपदाचा मान कॅरींचा आणि आद्य उपदेशकाचा मान कृष्ण पाल यांचा. खुद्द सेरामपूरच्या मिशनऱ्यांचे मतही याहून फार वेगळे नव्हते. ऑक्टोबर १८०५ मध्ये त्यांनी आपसांत जो लेखी करार केला आणि जो वर्षातून तीनदा मोठ्याने वाचण्याचे ठरवले, त्यात सर्वत्र सुवार्ता पोहोचायची तर ती देशी उपदेशकांकडूनच पोहोचेल आणि मंडळ्यांचे पाळक व डीकन देशीच असावेत, असे स्पष्ट नमूद आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्यांची हिंदू नावे बदलायची नाहीत, हेही त्यातच आहे. म्हणूनच कृष्ण पाल शेवटपर्यंत कृष्ण पालच राहिले.

प्रश्न : मंडळीत आल्यावर जातीचे काय झाले? की बाप्तिस्म्यानंतरही ती टिकून राहिली?

दक्षिणेतील जुन्या लुथरन मंडळ्यांत जातीनिहाय बसण्याच्या वेगळ्या जागा दीर्घकाळ टिकल्या. सेरामपूरने मात्र सुरुवातीपासून जात मोडण्याचा आग्रह धरला. तत्त्वे सांगत बसण्यापेक्षा १८०३ मधील दोन प्रसंग सांगतो.

४ एप्रिल १८०३ रोजी कृष्ण पाल यांची मुलगी आनंदा हिचा विवाह कृष्णप्रसाद या ब्राह्मण तरुणाशी झाला. विवाह कृष्ण पाल यांच्या घरासमोरच्या झाडाखाली लागला. कॅरींनी तो लावला, वधूवरांनी वचने दिली, कागदावर सह्या झाल्या आणि संध्याकाळी मिशनरी मंडळी सुताराच्या घरी जेवायला बसली. सुताराच्या मुलीचे ब्राह्मणाशी लग्न, आणि तेही उघड्यावर, साऱ्या गल्लीच्या देखत! महाराष्ट्रात त्या वेळी पेशवाई होती, एवढे आठवले तरी या घटनेचा काळ मनासमोर उभा राहील.

दुसरा प्रसंग दुःखाचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोकुळ वारला. देशी सभासदाचा मंडळीतील तो पहिला मृत्यू होता, आणि प्रेताला खांदा कोण देणार असा प्रश्न उभा राहिला. तोपर्यंत त्या भागात ख्रिस्ती माणसाचे प्रेत वाहून नेण्यासाठी गरीब पोर्तुगीज माणसे पैसे देऊन बोलावत, कारण परजातीच्या प्रेताला शिवणे हा विटाळ होता. शवपेटी कृष्ण पाल यांनी स्वतःच्या खर्चाने पांढऱ्या मलमलीने मढवली. तिला चौघांनी खांदा दिला: मार्शमन, फेलिक्स कॅरी, पूर्वाश्रमीचे ब्राह्मण भैरव आणि पूर्वाश्रमीचे मुसलमान पीरू. बंगाली गीत गात ही चौघे भर रस्त्यातून दफनभूमीकडे गेली, आणि दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांनी ते पाहिले. मंडळी या शब्दाचा अर्थ गावाला त्या दिवशी जितका कळला, तितका एखाद्या प्रवचनातून कळला असेल असे वाटत नाही.

कृष्ण पाल यांनी बंगालीत गीते रचली हेही येथे सांगायला हवे. त्यांपैकी एकाचा मार्शमन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद पुढे इंग्लंड-अमेरिकेच्या गीतसंग्रहांत गेला.

प्रश्न : कोलकात्याचे लाल बाजार चर्च आणि ही मंडळी यांचा संबंध काय? आणि महाराष्ट्रात बाप्टिस्ट हे नाव एवढे कमी का ऐकू येते?

लाल बाजारचे प्रार्थनामंदिर हे सेरामपूरच्या मंडळीचेच कोलकात्यातील अपत्य. ते १ जानेवारी १८०९ रोजी उघडले, आणि आज बहूबाजार भागात कॅरी बाप्टिस्ट चर्च या नावाने ओळखले जाते. मधल्या काळात, १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर, कंपनी सरकारने कोलकात्यातील उपदेशावर निर्बंध घातले होते, तरी काम थांबले नाही. कृष्ण पाल यांनी कोलकात्यात मुक्काम करून घरोघरी आणि तुरुंगात उपदेश केला. पुढे १८१३ मध्ये ते बंगालच्या ईशान्येस सिल्हेटपलीकडे, खासी टेकड्यांच्या पायथ्याशी पांडुआ येथे गेले आणि तेथे त्यांनी सात जणांना बाप्तिस्मा दिला. त्यांत दोघे खासी होते. खासी लोकांमध्ये वेल्श मिशन पोहोचले ते १८४१ मध्ये, म्हणजे त्यानंतर २८ वर्षांनी. १८२२ मध्ये कृष्ण पाल पटकीने वारले.

महाराष्ट्राविषयीच्या प्रश्नाचे एक उत्तर लाल बाजारच्या याच वास्तूत सापडते. १८१२ मध्ये अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतील मिशन संस्थेचे काही तरुण मिशनरी कोलकात्यात आले. ते बाप्टिस्ट नव्हते. त्यांच्यापैकी अडोनायरम जडसन आणि त्यांची पत्नी अ‍ॅन यांचे मत प्रवासातील अभ्यासाने बदलले आणि ६ सप्टेंबर १८१२ रोजी वॉर्ड यांनी लाल बाजारात त्यांना बाप्तिस्मा दिला. जडसन ब्रह्मदेशाला गेले आणि तेथे बाप्टिस्टांची मोठी परंपरा उभी राहिली. त्यांचे जे सोबती मूळ मतावर कायम राहिले, त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले, आणि त्यांनी आरंभलेले काम म्हणजेच अमेरिकन मराठी मिशन. मुंबई, अहमदनगर, सोलापूर या पट्ट्यात ते मिशन आणि बाकीच्या बऱ्याच भागांत स्कॉटिश व अँग्लिकन मिशने वाढल्यामुळे बाप्टिस्ट हे नाव आपल्याकडे विरळच राहिले. आपल्या जिल्ह्यातील जुन्या मंडळ्यांची नाळ अशा रीतीने कोलकात्यातील त्या वियोगापर्यंत पोहोचते.

प्रश्न : आमच्या गावच्या मंडळीच्या पहिल्या उपदेशकाविषयी लिहावे असे मनात आहे. सुरुवात कोठून करावी?

पंथ कोणताही असो, प्रथम मंडळीतील जुन्या वह्या मागून घ्याव्यात. बाप्तिस्म्याची, विवाहाची आणि दफनाची नोंदवही, तसेच सभेच्या इतिवृत्तांची वही. दफनभूमीतील दगडांवरची नावे उतरवून घ्यावीत आणि वह्यांशी ताडून पाहावीत. वृद्धांच्या आठवणी लवकर टिपून घ्याव्यात, पण त्यांतील सन-तारखा वहीत सापडेपर्यंत नक्की धरू नयेत. मिशनऱ्यांनी मायदेशी पाठवलेले अहवाल मोलाचे असतात, मात्र ते तेथील देणगीदारांसाठी लिहिलेले असतात. त्यांत देशी उपदेशकाचा उल्लेख पुष्कळदा 'आमचा मदतनीस' एवढाच येतो, आणि स्त्रियांचा 'त्याची पत्नी' एवढाच. तेथे थांबू नये. त्याच तारखेची नोंद गावच्या वहीत उघडावी, म्हणजे नाव हाती लागण्याची शक्यता असते. सेरामपूरच्या कॉलेजातील कॅरी ग्रंथालयात जुन्या मिशनची कागदपत्रे आणि छापील ग्रंथ जतन केलेले आहेत; पुढेमागे बंगालला जाणे झाले तर एक दिवस त्यासाठी राखून ठेवावा. आपण लिहिलेले पहिले प्रकरण आमच्याकडे पाठवल्यास आम्ही ते आस्थेने वाचू.